अक्षता पडल्या, पण लग्न अजून लागायचंय

मुंबईतल्या कुठल्याही कार्यालयात दुपारचं दृश्य एकच असतं. ‘तदेव लग्नं’ म्हणून होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षतांचा शेवटचा मारा होतो, सनई-चौघडा वाजतो आणि तीनशे माणसं एकदम पाठ फिरवून ताटांच्या रांगेकडे वळतात. त्यांच्या लेखी लग्न लागलेलं असतं. पोथीप्रमाणे ते अजून लागायचंय. ते लागतं त्यानंतर तासाभराने, होमाच्या धुरात, आठ-दहा माणसांसमोर आणि फोटोग्राफर जेवायला गेला नसेल तर त्याच्यासमोर.

हे आधी सांगायचं कारण असं, की ‘विधी हवेत, पण कन्यादान नको’ असं म्हणणारी जोडपी आता दादरपासून डोंबिवलीपर्यंत सगळीकडे आहेत. त्यांचा आणि घरच्यांचा वाद मात्र नेहमी भलत्याच ठिकाणी अडतो. मुलीचे बाबा म्हणतात, कन्यादान नाही तर लग्न कसलं? मुलगी म्हणते, मी काय वस्तू आहे? लग्न नेमकं कशाने होतं, हे दोघांनाही माहीत नसतं. ते एकदा कळलं की बदलायला मोकळी जागा किती आहे ते दिसतं.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं कलम ७ दोन वाक्यांत संपतं. वधू किंवा वर, दोघांपैकी कोणाही एकाकडच्या रूढ विधींनी लग्न लागू शकतं. आणि त्या विधींमध्ये सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण होऊन बंधनकारक होतं. बस. कन्यादान, मंगळसूत्र, मंगलाष्टकं, कुंकू यांचा कायद्यात उल्लेखही नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हेच सांगितलं, की हिंदू विवाहासाठी कन्यादान आवश्यक नाही. त्याच्या पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने नाण्याची दुसरी बाजू सांगितली. विधी झालेच नसतील, तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. म्हणजे हॉल मिळाला नाही म्हणून आधी ‘रजिस्टर’ करून घेऊ आणि विधी डिसेंबरात करू, असं हिंदू विवाह कायद्याखाली करणाऱ्यांचं लग्न डिसेंबरातच होतं. आधी कागदोपत्री लग्न हवं असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा रस्ता आहे. तिथे नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं.

सप्तपदी गाळली तर काय होतं? १९६५ साली महाराष्ट्रातल्याच एका द्विभार्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध झालं नाही आणि त्याऐवजी चालणारी रूढीही दाखवता आली नाही, म्हणून ते लग्नच धरलं गेलं नाही. फटका कोणाला बसला ते सांगायला नको. तेव्हा हात आखडता घ्यायचाच तर इतरत्र घ्यावा. होम आणि सप्तपदी यांना हात लावू नये, आणि त्यांचं सलग, न कापलेलं चित्रीकरण करून घ्यावं. व्हिडिओवाले संकलनात नेमका हाच भाग ‘स्लो आहे’ म्हणून उडवतात. त्यांना आधीच बजावून ठेवा.

आता कन्यादान. हा विधी प्रत्यक्षात कसा होतो ते आधी बघू, कारण विरोध करणारे आणि आग्रह धरणारे, दोघांनीही तो बहुधा पाठमोऱ्या गर्दीतून पाहिलेला असतो. खाली काशाचं पात्र. त्यावर वराची ओंजळ, तिच्यावर वधूची, तिच्यावर वडिलांची. वधूची आई वरून पाण्याची धार धरते. गुरुजी संकल्प सांगतात. या मुलीला या वरापासून होणाऱ्या संततीमुळे माझ्या बारा मागल्या आणि बारा पुढल्या पिढ्या पवित्र व्हाव्यात, म्हणून ब्राह्मविवाहाच्या विधीने मी कन्यादान करतो, असा त्याचा अर्थ. मग दोन्हीकडचं गोत्र आणि तीन पिढ्यांची नावं: अमक्याची प्रपौत्री, तमक्याची पौत्री, अमक्याची पुत्री. तिन्ही नावं पुरुषांची. पाण्याची धार जिच्या हातातून पडतेय तिचं नाव त्यात कुठेच येत नाही. शेवटी वडील वराला बजावतात, की धर्म, अर्थ आणि काम यांत हिला ओलांडून जाऊ नकोस. वर म्हणतो, ‘नातिचरामि’.

यात बोचणाऱ्या जागा वेगवेगळ्या आहेत आणि त्या सुट्या करता येतात, हे माझं म्हणणं. सगळंच्या सगळं उचलून फेकलं की मुलीच्या आईवडिलांना त्या दिवशी करायला काहीच उरत नाही. आणि ज्यांनी हा दिवस पंचवीस वर्षं मनात बाळगला, ते मग हट्टाला पेटतात. त्याऐवजी नीट निवडून ठरवा.

सगळ्यात सोपा बदल नावांचा. गोत्रोच्चारात आई, आजी, पणजी यांची नावं घालायची. गुरुजींना कागदावर देवनागरीत, मोठ्या अक्षरात लिहून द्यायची, दोन्ही बाजूंची. पणजीचं नाव बहुतेकांना ठाऊक नसतं. ते शोधायला गावाकडे फोन करावा लागतो, म्हणून हे काम महिनाभर आधी सुरू करावं. माहेरचं नाव घालायचं की सासरचं, यावर घरात अर्धा तास चर्चा होईल, होऊ द्या.

दुसरा बदल संकल्पाचा. ‘संप्रददे’, म्हणजे देतो, या क्रियापदाच्या जागी दोन्हीकडच्या आईवडिलांनी एकत्र पाणी सोडून ‘आम्ही या दोघांचा विवाहसंस्कार करतो’ असा संकल्प करायचा. चारही माणसं पाटावर बसतात. यासाठी पाट चार लागतात. कार्यालयात सहसा दोनच जास्तीचे असतात, ते आदल्या दिवशी विचारून घ्या. ओंजळी एकावर एक रचण्याऐवजी वधू-वरांचे हात शेजारी-शेजारी धरून चौघांनी धार धरली, तरी पाण्याचं साक्षित्व तेच राहतं.

तिसरा बदल ‘नातिचरामि’चा, तो तर दोघांनी म्हणायचा. संस्कृतात उत्तम पुरुषाच्या या रूपाला लिंग नाही. एक अक्षरही बदलावं लागत नाही.

कन्यादान ठेवायचंच आहे, पण वडील नाहीत, असं घर असेल तर नेमका मुद्दा वेगळा होतो. मुंबईत अजूनही अशा वेळी एकटीने मुलीला वाढवलेली आई बाजूच्या खुर्चीवर बसते आणि पाटावर काका-काकू बसतात. कारण विचारलं तर ‘जोडीनेच करायचं असतं’. गुरुजी अडून बसले तर त्यांना त्यांच्याच भाषेत विचारावं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात कन्या देणाऱ्यांची यादी आहे: पिता, पितामह, भ्राता, सकुल्य (म्हणजे कुळातला नातेवाईक) आणि जननी. आई यादीत आहे. शेवटी आहे, पण आहे. तिथे जोडीची अट नाही. पुढचा श्लोक तर म्हणतो, की देणारं कोणीच नसेल तर मुलीने स्वतः योग्य वर निवडावा. चांगल्या गुरुजींना हे माहीत असतं. यजमान कोण हे नीट सांगितलं तर बहुतेक जण मान डोलावतात. अडचण बरेचदा गुरुजींकडून येत नाही, ती पहिल्या रांगेतल्या मावशीकडून येते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितला. शिरोळ तालुक्यातल्या गावाला जमतं ते शिवाजी पार्कच्या हॉलमध्ये जमायला हरकत नसावी.

उपासाचंही इथेच सांगून टाकते. कन्यादान होईपर्यंत मुलीच्या आईवडिलांनी काही खायचं नाही अशी चाल अनेक घरांत आहे. मुहूर्त १२ चा असेल, तर पहाटे पाचला उठलेला, साखरेच्या गोळ्या घेणारा साठीचा माणूस होमाच्या उष्णतेत सात तास उपाशी बसतो. चक्कर येते ती त्यामुळे, ‘लेक जाणार म्हणून’ नव्हे. दूध, फळं, राजगिऱ्याचा लाडू उपासाला चालतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी तो हातात देण्याचं काम एका भाच्याकडे सोपवा.

एक गोष्ट मात्र या विधींत कुठेच नाही, ती म्हणजे मुलीला विचारणं. अंतरपाटाच्या पलीकडे ती उभी राहते, हार घालते, पाटावर बसते, आणि मोठ्याने एकदाही ‘हो’ म्हणत नाही. मुंबईला हा प्रश्न नवा नाही. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला तो खटला याच शहराच्या उच्च न्यायालयात चालला. १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं, आणि बाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड होऊन त्या सुटल्या आणि डॉक्टर झाल्या. या वादाने हवा इतकी तापली, की १८९१ चा संमतिवयाचा कायदा येताना या प्रकरणाची आठवण सगळ्यांच्या मनात होती. आज कायद्याला मुलीची संमती लागतेच. जबरदस्तीने किंवा फसवून मिळवलेली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. पण पोथीत ती उच्चारली जात नाही. म्हणून अंतरपाट धरण्याआधी गुरुजींनी दोघांना, मराठीत, माईकवर, नावाने विचारावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. निकाहात मुलीला आधी विचारतात आणि साक्षीदारांसमोर विचारतात. त्यातून शिकायला कमीपणा कसला?

होम. इथे मुंबईच्या कार्यालयांची आपली अडचण असते. वातानुकूलित हॉल, खाली गालिचा, वर धूर ओळखणारी यंत्रणा. काही ठिकाणी अग्नीला परवानगीच नसते आणि ते बुकिंगच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. आधी विचारा. परवानगी असेल तर नऊ-दहा इंचांचं तांब्याचं कुंड, त्याखाली विटा आणि वाळूचा थर, पाव किलो साजूक तूप, समिधा सुक्या. ओल्या समिधांनीच धूर होतो, तुपाने नाही. गोवऱ्यांचे तुकडे थोडेच घाला. पाण्याची बादली विधीच्या वेळी जवळ ठेवा, शोभेसाठी कोपऱ्यात नको. वधूच्या पदराची आणि वराच्या उपरण्याची गाठ अग्नीच्या बाजूला लोंबते, तिच्यावर एका करवलीने नजर ठेवायची. पैठणीपेक्षा शिफॉनचा शेला लवकर पेटतो.

पाणिग्रहणातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. आश्वलायन गृह्यसूत्र म्हणतं, मुलगेच हवे असतील तर वराने वधूचा फक्त अंगठा धरावा, मुली हव्या असतील तर फक्त बोटं, आणि दोन्ही हवं असेल तर अंगठ्यासकट अख्खा हात. फोटोसाठी गुरुजी जो अख्खा हात धरायला लावतात तो म्हणजे मुलगा-मुलगी दोन्ही चालतील हा पर्याय. याउलट वधूच्या पिवळ्या साडीचं नाव अजून ‘अष्टपुत्री’च आहे.

लाजाहोम हा मात्र असा विधी आहे, की त्यात आहुती देणारी वधू असते. साळीच्या लाह्या पाव किलो, सूप एक. वधूच्या ओंजळीत आधी तूप, मग भावाने लाह्या घालायच्या, वर पुन्हा तूप, आणि तिने ओंजळ न उघडता बोटांच्या टोकांवरून त्या अग्नीत सोडायच्या. असं तीनदा मंत्रांसह, चौथ्यांदा सुपाच्या कोपऱ्यातून, काही न बोलता. सूत्रात ‘भाऊ किंवा भावाच्या जागी असलेला’ असंच म्हटलंय. तेव्हा एकुलत्या एक मुलीसाठी लांबचा चुलतभाऊ शोधत फिरायची गरज नाही. बहीण उभी राहते, मैत्रीण राहते. बहिणीने लाह्या घातल्या की नवऱ्या मुलाचा कान पिळण्याचा हक्कही तिचाच. चूक होते ती लाह्यांची. चिवड्याच्या मसाला लावलेल्या लाह्या किंवा मक्याचे पॉपकॉर्न घेऊन येणारे महाभाग असतात. चुरमुरेही चालत नाहीत. साळीच्या लाह्या दिवाळीत गल्लोगल्ली मिळतात, पण मे महिन्यात पूजेच्या सामानाच्या दुकानात आठवडाभर आधी सांगून ठेवाव्या लागतात.

प्रत्येक आहुतीनंतर अश्मारोहण. वधूने दगडावर उभं राहायचं आणि वराने म्हणायचं, ‘अश्मेव त्वं स्थिरा भव’, दगडासारखी स्थिर हो. स्थिर राहण्याची जबाबदारी एकटीवर का, हा प्रश्न आता हमखास येतो, आणि रास्त आहे. दोघांनी एकामागून एक उभं राहायचं. तिने त्याला म्हणताना ‘स्थिरा’चं ‘स्थिरो’ करायचं, बाकी तेच. दगड म्हणून कार्यालयवाले सहाण देतात, तिच्यावर धड एक पाऊल मावत नाही आणि ओलं असेल तर घसरतं. घरचा पाटा आणा, खाली जाड फडकं घाला.

सप्तपदीला एकूण सव्वा किलो तांदूळ घ्या, सात राशी, प्रत्येकीवर सुपारी. दोन राशींत एका पावलाचं अंतर हवं. मंचावर जागा नसते म्हणून सातही राशी एकाच ताटात मांडतात आणि वधू नुसतं अंगठ्याने शिवते. तसं करू नये. ज्या पावलावर कायदा बोट ठेवतो ते पाऊल पडायलाच हवं. मंचाची एक बाजू आधीच मोकळी ठेवा. सजावटवाल्याचा सोफा नेमका तिथे येतो.

मंत्रांचा क्रम असा: पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. सातव्या पावलावर वर म्हणतो, ‘सखा सप्तपदी भव’. सातव्या पावलाला मैत्री मागितली आहे, हे मला आजही या अख्ख्या विधीतलं सगळ्यात सुंदर वाटतं. पण प्रत्येक पावलामागे येणारं पालुपद आहे ‘सा मामनुव्रता भव’, तू माझ्या व्रतामागे चालणारी हो, आणि मग ‘पुत्रान्’, पुष्कळ मुलगे मिळोत. बोलतो फक्त वर. इथे दोन मार्ग आहेत. एक, सगळं तसंच ठेवून वधूने प्रत्येक पावलाला उत्तर द्यायचं, ‘स मामनुव्रतो भव’. दोघं एकमेकांमागे चालतात, हिशेब बरोबर. दुसरा, मंत्र गुरुजींनी म्हणायचा आणि दोघांनी मराठीत एकेक वाक्य बोलायचं. दुसऱ्या प्रकाराला पंधरा मिनिटं लागतात, आणि जोडप्याने वाक्यं आधी पाठ केलेली नसतील तर मोबाइल बघत लग्न लागतं. शिवाय हौसेने लिहिलेल्या वचनांत ‘मी तुला घरकामात मदत करीन’ असं नवरा म्हणतो तेव्हा घरकाम कोणाचं हे आधीच ठरलेलं असतं. ‘मदत’ काढून टाका.

हे सगळं करणारे गुरुजी कुठून आणायचे? पुण्यात शंकरराव थत्ते यांनी १९७० च्या दशकात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, आणि ज्ञान प्रबोधिनीने सोप्या, अर्थ सांगणाऱ्या पोथ्या तयार करून स्त्री-पुरुष दोघांनाही, कुठल्याही जातीतल्या, तयार केलं. मुंबई-ठाण्यातही आज महिला पुरोहित सहज मिळतात. त्यांना बोलावलं म्हणजे विधी आपोआप समतेचे होतात असं नाही. जुनीच पोथी जशीच्या तशी म्हणणाऱ्या बायकाही आहेत आणि विचारलं तर सगळं बदलून देणारे सत्तरीचे गुरुजीही. म्हणून पोथी कोणती हे विचारा. किमान दोन महिने आधी एकदा भेटा, बदलांचा एक पानी कागद करा, दोन्ही घरांना वाचायला द्या. मंचावर, माईक चालू असताना, ‘हे नको’ म्हणून सांगणं हा सगळ्यात वाईट मार्ग. गुरुजी गोंधळतात, सासरा दुखावतो आणि मुहूर्त टळतो तो टळतोच. आणि बाई आहे म्हणून दक्षिणेत घासाघीस करू नका. ती पोथी तेवढीच लांब असते.

पाळीचा विषय कोणी काढत नाही, पण गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलणाऱ्या नवऱ्या मुली दर मोसमात असतात. रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, अर्धशिशी, यकृताचा त्रास असेल तर त्या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. शेजारणीच्या सल्ल्याने औषधाच्या दुकानातून आणू नयेत, डॉक्टरांनाच विचारावं. आणि ज्यांना शास्त्रच हवं आहे त्यांच्यासाठी, ऐन मंगलकार्यात रजोदोष आला तर श्रीशांती करून कार्य पुढे न्यावं अशी सोय धर्मशास्त्राच्या जुन्या निबंधग्रंथांत आहे. आपले आजेआजोबा याबाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी होते.

आदल्या दिवसाच्या गोष्टी पटकन. घाणा भरायला पाच सवाष्णी लागतात तिथे ‘पाच बायका’ म्हणा आणि सवाष्ण नसलेल्या आत्यालाही मुसळ धरू द्या. वराची उष्टी हळद वधूकडे जायची चाल आहे. ती कल्याणहून बोरिवलीला लोकलने नेणारा दीर बघितला की वाटतं, हळद एकदाच कुटून दोन वाट्यांत वाटली तर सगळेच सुखी. सीमांतपूजनात मुलीचे आईवडील वराचे पाय धुतात. ते मधुपर्कासारखंच, दारी आलेल्या पाहुण्याचं स्वागत. मग दोन्हीकडच्यांनी दोघांचं करावं, किंवा पायांऐवजी औक्षण करावं. विहिणीचे पाय धुणं मात्र सरळ बंद करा. त्याला काहीही आधार लागत नाही.

ज्यांना होम-मंत्र मुळातच नको आहेत त्यांच्यासाठी महाराष्ट्रात रस्ता दीडशे वर्षं जुना आहे. सत्यशोधक समाजाची स्थापना झाली १८७३ मध्ये आणि त्याच वर्षअखेर ब्राह्मण पुरोहिताविना पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू वराला उलट बोलते, हक्क मागते. बौद्ध पद्धतीच्या लग्नात, जी मुंबईच्या वस्त्यावस्त्यांत होतात, त्रिशरण-पंचशील असतं, दान नसतं, आणि दोघंही पाच-पाच प्रतिज्ञा घेतात. नवऱ्याच्या पाचांत ‘तिचा अपमान करणार नाही’ आणि ‘घरातला अधिकार तिच्या हाती देईन’ या दोन आहेत. बायकोच्या पाचांत घर नीट सांभाळणं आणि त्याची कमाई राखणं येतं. म्हणजे इथेही घर तिचंच. अडीच हजार वर्षांपूर्वीचा उपदेश आहे. कमावत्या मुली आता या प्रतिज्ञांचीही अदलाबदल मागू लागल्या आहेत. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे ही लग्नं त्यांच्या रूढीप्रमाणे पूर्ण वैध.

गृहप्रवेशानंतर तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. पहिलं नाव बदलायची चाल आता मागे पडली, आडनावाची नाही. कुठलाही कायदा लग्नानंतर नाव बदलायला सांगत नाही, ‘बँकेत लागतं’ हे खोटं. उलट अर्धवट बदलाचाच ताप जास्त: आधारवर एक, पॅनवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, आणि पदवीच्या दाखल्यावर चौथं. बदलायचं तर सगळीकडे बदला, नाहीतर कुठेच नको. ताटातले तांदूळ पसरलेलेच असतात. तिने त्याचं नाव लिहावं, त्याने तिचं, जे आहे तेच. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं, तेव्हा पुढच्या पिढीची सोय झालेली आहे. गोत्र बदललं तरी वारसा बदलत नाही हेही त्याच ओघात मुलीच्या भावाला कळू द्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायची गरज नाही.

आहेराची यादीही त्याच दिवशी करायची. १९८५ च्या नियमांप्रमाणे दोन याद्या, वधूला मिळालेल्या वस्तूंची तिच्याकडे, वराची त्याच्याकडे. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली दोघांच्या सह्या. कोणीच करत नाही. दागिन्यांचे फोटो आणि सोनाराच्या पावत्या जोडल्या तर पुढे स्त्रीधन कोणतं हे सांगायला शपथा घ्याव्या लागत नाहीत.

राहिली नोंदणी. मुंबईत ती महापालिकेच्या विभाग कार्यालयात होते, नव्वद दिवसांत केली तर उशिराचा भुर्दंड नाही. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, विधीचा फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे. फोटो म्हणून लोक हार घालतानाचा देतात. होमापुढचाही एक ठेवा. अर्जावर लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही लागते, आणि पुरोहित पुरुषच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. कोरा अर्ज छापून लग्नाच्या पिशवीत अक्षतांच्या डब्याशेजारी ठेवा आणि सप्तपदी झाल्याझाल्या सही घ्या. गोरजमुहूर्ताला त्यांचं मुलुंडला दुसरं लग्न असतं, दक्षिणेचं पाकीट हातात पडलं की त्या निघाल्याच.